उत्तर उतारावरचं बीळ

एउसेबियो किंतानाने चौतीस वर्षं ट्रक चालवला. एल पासोहून लॉस एंजलिसकडे कांदे, मिरच्या, कोबी न्यायचे आणि परतताना जे मिळेल ते भरून आणायचं, हा त्याचा धंदा. त्या चौतीस वर्षांत आपण जितके टॅरँटुला, म्हणजे ते मोठे केसाळ कोळी, पाहिले तितके भल्याभल्या प्रोफेसरांनी पाहिले नसतील, असं त्याचं ठाम मत होतं. चारचौघांत मात्र तो हे कधी बोलला नाही, कारण त्या प्रोफेसरांपैकी एक त्याची स्वतःची मुलगी होती.

सुरुवात झाली ती एका तुटलेल्या फॅनबेल्टपासून. लॉर्ड्सबर्गच्या अलीकडे त्याचा ट्रक बंद पडला आणि मेकॅनिक यायला नऊ तास लागले. तो ट्रकच्या सावलीत बसून राहिला. समोर जमिनीत अंगठा जाईल एवढं एक भोक होतं. दुपार कलता कलता त्यातून एक केसाळ पाय बाहेर आला, मग दुसरा, आणि मग ते पाय तसेच उंबऱ्यावर टेकून राहिले, जसं कुणी दाराआडून रस्त्यावर बघावं. शेवटी मेकॅनिक आला तेव्हा एउसेबियो त्यालाच म्हणाला, "थांब जरा. ही अजून पूर्ण बाहेर आली नाहीये."

त्यानंतर जिथे म्हणून ट्रक थांबायचा, तिथे तो गवताची काडी चावत मागच्या झुडपांत शिरायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत यायचा. बाकीच्या ड्रायव्हरांना वाटे, बिचाऱ्याचं पोट कायमचं बिघडलंय. बायको, ओफेलिया, हिने लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी बजावून ठेवलं होतं, "माझ्या घरात आठ पायांचं काही आणायचं नाही. दोन पायांचं आहे तेवढंच पुष्कळ आहे मला."

मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो तिला ट्रकमध्ये घेऊन जायला लागला. तिचं नाव मारिसेला, पण सगळे मारीच म्हणत. तोंडावर पातळ रेशमाचा पडदा असेल तर बीळ टॅरँटुलाचं आणि पडदा नसेल तर उंदराचं, हे तिला त्यानेच शिकवलं. काडीने कसं गुदगुल्या केल्यासारखं करायचं, म्हणजे आतल्या बाईसाहेबांना किडा आलाय असं वाटतं, हेही त्यानेच. आणि सगळ्यात मुख्य गोष्ट म्हणजे, "दगड उचललास तर होता तस्सा परत ठेव. तुझ्या घराचं छप्पर कुणी उचलून तिरकं टाकलं तर चालेल का तुला?"

आता मारी अडतिसाची होती. विद्यापीठात शिकवत होती आणि गेली तीन वर्षं दर नोव्हेंबरात तेकोलोतेच्या डोंगरात जात होती. अकरा वर्षांपूर्वी एका शिकाऱ्याला त्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर एक छोटासा, कोळशासारखा काळा नर सापडला होता. त्याने तो तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून संग्रहालयाला पाठवून दिला. असा नर आधी कुणीच पाहिला नव्हता. पण नर तर मादीच्या शोधात मैलभर भटकतात, त्यामुळे तो रस्त्यावर सापडला एवढ्यावरून काहीच कळत नाही. मादी सापडली की घर सापडतं. ती काही कुणाला सापडत नव्हती.

या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाचा ड्रायव्हर तापाने आडवा झाला. मारीने डेमिंगला घरी बापाला फोन केला.

"अपा, चार दिवस व्हॅन चालवाल का? रस्ता फार वाईट आहे."

"रस्त्याचं काय सांगतेस मला," एउसेबियो म्हणाला, आणि दहा मिनिटांत त्याची पिशवी भरून तयार होती. ओफेलियाने बरीटोंचा गठ्ठा चांदीच्या कागदात गुंडाळून दिला आणि दारात उभी राहून म्हणाली, "सदुसष्ट वर्षांचा घोडा झाला, पण मैत्रिणींना भेटायला जायची घाई बघा!"

व्हॅनमध्ये मारीचे दोन विद्यार्थी होते. मार्गो नावाची उंच, मोजकं बोलणारी मुलगी नवाहो आदिवासींच्या मुलखातली होती. एल्डन होता मिनेसोटाचा. त्याला लाल दाढी होती आणि त्याच्या जाकिटाला इतके खिसे होते की दर वेळी भिंग काढायला त्याला पाच खिसे चाचपावे लागत. मारीने ओळख करून दिली, "हे माझे वडील. गाडी हे चालवतील."

"तुम्हालाही कोळ्यांची आवड आहे का, मिस्टर किंताना?" एल्डनने अदबीने विचारलं.

"मला गाडी सावलीत लावायची आवड आहे," एउसेबियो म्हणाला. आरशात त्याला मारी खिडकीकडे तोंड फिरवून हसताना दिसली.

पहिले दोन दिवस त्यांनी डोंगराचा दक्षिण उतार पिंजून काढला. मारीचा हिशेब सरळ होता. या मुलखातल्या सगळ्या टॅरँटुलांना ऊन लागतं, आणि दिवसभर ऊन असतं ते दक्षिणेला. एउसेबियोनेही मनातल्या मनात मान डोलावली होती. तो व्हॅनच्या दारात बसून तिच्याकडे बघत राही. ती कशी चालते, कुठे थांबते, गुडघ्यावर कशी बसते, हे बघण्यात त्याचा दिवस जाई. दर दगड ती उचलायची आणि दर दगड होता तस्साच परत ठेवायची. एकदा एल्डनने एक दगड जरासा तिरका ठेवला तेव्हा ती मागे गेली आणि तो नीट बसवून आली. एउसेबियोला वाटलं, कुणाला तरी धरून हे दाखवावं. पण आसपास एक सरडा सोडला तर कुणी नव्हतं.

दोन दिवसांत एक्केचाळीस बिळं झाली. बहुतेक उंदरांची होती, काही लांडगा-कोळ्यांची. एकातून रागावलेला विंचू निघाला आणि एल्डनच्या बुटावर चढला. त्या एका तासात एल्डन दोन दिवसांत बोलला नव्हता तेवढं बोलला. पण काळी मादी काही मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहाचं पाणी तापत असताना एउसेबियोने मारीला मार्गोशी बोलताना ऐकलं. "पुढच्या वर्षी येता येणार नाही. विभागाने सांगितलंय, तीन वर्षं पुष्कळ झाली." आवाज अगदी साधा होता. पण त्याने तो आवाज ओळखला. नऊ वर्षांची असताना सायकलवरून पडून हात मोडला होता तेव्हाही ती अशीच साध्या आवाजात म्हणाली होती, "अपा, माझा हात वाकडा झालाय वाटतं."

तिसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर तो एकटाच खिंडीपर्यंत चालत गेला. व्हॅन वरपर्यंत जाईल का ते त्याला बघायचं होतं. खिंडीत गुरांचं एक जुनं, मोडकं कुंपण होतं. त्याच्या कोपऱ्यात, उघड्यावर, त्याला ते दिसलं. गोल तोंड, कड गुळगुळीत, आणि वर दवाने चमकणारा रेशमाचा पडदा.

त्याने तोंडातली काडी काढली, वाकला आणि पडद्याला हलकेच लावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून काहीतरी झटकन वर आलं. काळा पाय. छोटा, काळाभोर. एउसेबियोचे गुडघे दुखायचे थांबले.

त्याने लगेच जाऊन सांगायला हवं होतं. तो चार पावलं गेलाही, आणि मग थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर ते दृश्य आलं. तीन वर्षं डॉक्टर मारिसेला किंताना डोंगर खणतेय, आणि तिचा ट्रक-ड्रायव्हर बाप सकाळी फिरायला जाऊन ते शोधून आणतो. विद्यार्थी हसतील. हसणार नाहीत कदाचित, पण पुढे कुठेतरी गोष्ट सांगतील. हे त्याला सहन होईना. तिचं तिलाच सापडू दे, त्याने ठरवलं.

दुपारी बाराला त्याने व्हॅन थेट कुंपणापाशी आणून उभी केली. "इथली सावली छान आहे. इथेच जेवू या."

मारीने बरीटो हातात घेतला, चार घास खाल्ले, आणि सवयीप्रमाणे जमिनीकडे बघत कुंपणाच्या कडेने चालायला लागली. बाराव्या पावलाला ती थांबली.

"मार्गो! एल्डन!"

दोघं धावत गेले. एल्डनचा बरीटो मातीत पडला. आरडाओरडा झाला, टाळ्या झाल्या, मार्गोने वही काढून वेळ लिहिली. एउसेबियो व्हॅनपाशी उभा राहून कागदाची घडी घालत होता, आणि त्याचा चेहरा असा होता की जणू काही कागदाची घडी घालण्यासारखं आनंदाचं काम जगात दुसरं नाही.

मारी मात्र ओरडत नव्हती. ती गुडघ्यावर बसून बिळाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने बाजूची काहीतरी वस्तू उचलली आणि उठली.

"अपा, जरा इकडे या."

ते दोघं व्हॅनच्या पलीकडे गेले. तिच्या तळहातावर गवताची काडी होती. एक टोक चावून चावून चपटं झालेलं.

"हे काय आहे?"

"काडी."

"काडी आहे ते मलाही दिसतंय. चावलेली काडी आहे. आणि बिळावरचा पडदा एका बाजूने फाटलाय."

"सकाळी इकडून चाललो होतो, तेव्हा..."

"तेव्हा बीळ दिसलं, आणि तुम्ही गप्प बसलात. आणि मग म्हणे, इथली सावली छान आहे! अपा, इथे सावली आहे कुठे?"

एउसेबियोने आजूबाजूला बघितलं. खरंच नव्हती.

"म्हटलं, तुलाच सापडलं तर बरं. पोरांच्या समोर..."

"मी सात वर्षांची आहे का?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी त्यांना रोज सांगते, जे बघितलं तेच लिहायचं, ज्याने बघितलं त्याचंच नाव लिहायचं. आणि तुम्ही माझ्याकडूनच खोटं लिहून घेताय." तिने काडी बोटांत फिरवली. "एक खरं सांगा. लहानपणी. ट्रकमधून जायचो तेव्हा मला जी बिळं सापडायची, तीही तुम्ही आधी बघून ठेवलेली असायची?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिचे डोळे ओफेलियाचे होते आणि त्या डोळ्यांसमोर त्याला आजवर कधी जमलं नव्हतं.

"पहिल्या उन्हाळ्यात," तो म्हणाला. "सगळी नाही. निम्मी."

"निम्मी?"

"निम्म्याहून थोडी जास्त. पण फक्त पहिल्या उन्हाळ्यात, मिहा, पोरी माझ्या. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तू माझ्या आधी बघायचीस. मीच मग उगाच म्हणायचो, हो हो, मला कधीच दिसलं होतं."

"हे आता मी खरं कसं मानू?"

ती वळली आणि विद्यार्थ्यांकडे गेली.

"मार्गो, माझं नाव खोड. शोधणारे एउसेबियो किंताना. वेळ किती, अपा?"

"साडेसहा," तो पुटपुटला.

"सकाळी साडेसहा. लिही." मग ती त्या दोघांना म्हणाली, "हे ट्रक चालवायचे तेव्हापासून कोळी बघताहेत. मी जे शिकले ते यांच्याकडून. परवाच सांगायला हवं होतं मी. चूक माझी."

एल्डन तोंड उघडं ठेवून म्हाताऱ्याकडे बघायला लागला. एउसेबियोला कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब आली आणि त्याच वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटलं.

मारीने काडीने त्या बाईसाहेबांना बाहेर काढलं, पारदर्शक डबीत घेतलं आणि डोळ्याला भिंग लावलं. डबी उन्हात धरली, फिरवली, परत बघितलं.

"ही ती नाही."

"असं कसं?" एउसेबियो पुढे आला. "काळी आहे. एवढीशी आहे."

"एवढीशी आहे कारण वयाने लहान आहे. आणि काळी दिसतेय कारण नुकतीच कात टाकलीय. पाठीवरची लव बघा." तिने भिंग त्याच्या हातात दिलं. "उन्हात तांबूस दिसते ना? ही खालच्या मैदानातलीच आहे, अपा. तुम्ही हजारदा बघितलेली."

त्याने बघितलं. खरं होतं. पहाटेच्या उजेडात, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून, पाहिजे होतं तेच त्याने बघितलं होतं. मुलीला भेट द्यायला निघाला होता, आणि ती भेटही खोटी निघाली.

तो निमूटपणे व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसला. मारीने ती कोळ्याची पोर बिळात परत सोडली, ती आत जाईपर्यंत थांबली, आणि तिथेच मातीत बसून राहिली. पाच मिनिटं गेली असतील. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "पण ही इथे काय करतेय?"

"राहतेय," एल्डन म्हणाला.

"तेच. मैदानातली मंडळी पार खिंडीपर्यंत चढून आलीत. म्हणजे दक्षिणेचा अख्खा उतार त्यांचाच. मग ती छोटी तिथे राहीलच कशाला? ही मोठी मंडळी तिला खाऊन टाकतील. ती राहणार ती यांना सोसत नाही अशा जागी." ती उठली. खिंडीच्या दुसऱ्या बाजूला उतार पाइनच्या सावलीत बुडालेला होता आणि दगडांच्या कडांना सकाळचं गोठलेलं दंव दुपारीही तसंच पांढरं होतं. "आपण तीन वर्षं चुकीच्या बाजूला शोधतोय."

"मिहा," एउसेबियोला राहवेना, "उत्तरेला? त्या गारठ्यात? चौतीस वर्षांत मी सावलीतल्या उतारावर एकही टॅरँटुला बघितलेला नाही."

"शोधलात कधी?"

त्याने खिंडीपलीकडे बघितलं. मग म्हणाला, "ट्रक तिकडे थांबत नाहीत."

"मग," मारी म्हणाली आणि पाठीवर पिशवी टाकून निघाली.

तोही मागोमाग गेला. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हटलं नाही. उतार घसरडा होता, पायाखाली पाइनच्या सुयांचा जाड थर. तो सावकाश, झाडांना धरत उतरला. मनात म्हणत होता की इथे काही असणं शक्य नाही, आणि तिला हे थोड्या वेळाने कळेल तेव्हा आपण जवळ असलेलं बरं.

सव्वादोनच्या सुमाराला मार्गोची हाक आली. एरवी ती ओरडायची नाही.

सुयांच्या थरावरून एक नर चालला होता. कोळशासारखा काळा, पाय पसरले तरी मनगटी घड्याळापेक्षा लहान. तंबाखूच्या डबीतल्या त्या नराचा सख्खा भाऊच. एल्डनने पाचव्या खिशातून बाटली काढली, झाकण उघडलं आणि तो वाकला.

"हात लावू नकोस!"

"पण डॉक्टर, अकरा वर्षांत हा दुसराच आहे!"

"बाटलीत घातलास तर आपल्याकडे दुसरा नर असेल. बस्स, तेवढंच." मारीने आवाज दाबला. "हा कुठेतरी निघालाय. कुठे ते त्याला माहीत आहे, आपल्याला नाही. त्याला जाऊ दे. आपण मागे जाऊ."

आणि ती गुडघ्यांवर आणि तळहातांवर आली आणि त्या बोटभर जिवाच्या मागे रांगायला लागली.

एउसेबियो एका पडलेल्या खोडावर बसला आणि बघत राहिला. ती नराच्या मागे सहा हात अंतर ठेवून होती. सूर्य मागे आला की ती बाजूला सरकायची, म्हणजे सावली त्याच्यावर पडू नये. हात ठेवताना आधी बोटं टेकवायची, मग तळवा, म्हणजे जमीन हादरू नये. नर वीतभर चालायचा आणि दहा मिनिटं थांबायचा. तो थांबला की तीही थांबायची, एक हात हवेत असला तर तो तसाच हवेत. एका दगडाला त्याने तीनदा वळसा घातला.

"वाट चुकलाय हा," एल्डन कुजबुजला.

"तुझ्याच गावचा असेल," मार्गो म्हणाली.

तासाभराने एक निळा पक्षी फांदीवर येऊन बसला आणि मान वाकडी करून खाली बघायला लागला. पक्षी झेपावला त्याच क्षणी मारीने डोक्यावरची टोपी काढून भिरकावली. पक्षी कर्कश ओरडत निघून गेला. नर जागच्या जागी गोठला आणि वीस मिनिटं हलला नाही. मारीही हलली नाही. तिच्या विजारीचे गुडघे ओले होऊन काळे पडले होते, केसांत सुया अडकल्या होत्या. ऊन चढावर सरकत चाललं होतं. अजून तासाभराने या उतारावर अंधारून येणार होतं.

उचल त्याला, एउसेबियोच्या ओठांवर आलं होतं. हातचं सोडू नकोस, मिहा. एक नर तरी घेऊन जा. त्याने ओठ मिटून घेतले. चौतीस वर्षं तो बिळाच्या तोंडाशी बसून, कुणी बाहेर येतंय का याची वाट बघत आला होता. चालणारे नर त्याने शेकड्यांनी बघितले होते, रस्ता ओलांडताना त्यांच्यासाठी ट्रकही थांबवला होता. पण हा चाललाय कुठे, मागोमाग जाऊन बघू या, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने तर नाहीच. हे तिचं होतं. छातीत काहीतरी इतकं फुगून आलं की त्याला खोकला आला, आणि तो खोकला त्याने टोपीत तोंड खुपसून जिरवला.

चारला दहा कमी असताना नर एका चपट्या, कलत्या दगडापाशी पोचला. थांबला. मग त्याने पुढचे पाय उचलले आणि जमिनीवर ठोकले, दार ठोठावावं तसे. थांबला. परत ठोकले. त्याचं सगळं अंग थरथरत होतं.

मारीने पाठीमागे हात करून सगळ्यांना थोपवलं.

दगडाखालच्या सुया जरा उचलल्या गेल्या. त्या नुसत्या पडलेल्या सुया नव्हत्या. रेशमाने एकमेकींना शिवलेल्या, एक छोटं छप्परच होतं ते. त्याच्याखालून दोन काळेभोर पाय आले, आणि त्यांच्यामागून ती आली. नाण्याएवढी. तिसऱ्या वर्षी, तिसऱ्या दिवशी, सावलीत, दंवाच्या शेजारी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मार्गोने एल्डनचा हात घट्ट धरला होता आणि एल्डनला ते कळलंही नव्हतं.

बऱ्याच वेळाने मारीने मान वळवली. "अपा, या. हळू या."

तो आला. गुडघ्यांना न विचारता तो ओल्या सुयांवर पोटावर आडवा झाला आणि मुलीने हातात दिलेलं भिंग त्याने डोळ्याला लावलं. बिळाचं तोंड बोटभरही नव्हतं. यावर पाय ठेवून तो हजार वेळा पुढे गेला असता.

"हिची लव बघितलीत?" मारीने कुजबुजत विचारलं.

"काळी. मुळापर्यंत काळी."

"खरं सांगा, हे बीळ तुम्ही आधी बघून नव्हतं ना ठेवलेलं?"

एउसेबियोने भिंग खाली घेतलं. तिच्या नाकावर माती होती आणि ती हसत होती. "आईशपथ नाही! मी तर म्हणत होतो इथे काही असणं शक्यच नाही."

"म्हणजे काय झालं?"

"म्हणजे मी चुकलो."

"ऐकू नाही आलं."

"मी चुकलो," तो जरा मोठ्याने म्हणाला. मग त्याला त्याची गोडी लागली. "मी चुकलो! चौतीस वर्षं चुकलो! एल्डन, लिही वहीत. शोधणारी डॉक्टर मारिसेला किंताना, वेळ चारला दहा कमी, आणि तिचा बाप साफ चुकलेला!"

"तो शेवटचा रकाना नाहीये आमच्या वहीत," एल्डन म्हणाला.

"मग आखून घे."

मादीला त्यांनी जागेवरून हलवलं नाही. फोटो काढले, मोजमापं घेतली, जागा नोंदवली. छप्पर कसं दिसतं हे एकदा कळल्यावर मार्गोला वीस पावलांवर दुसरं बीळ सापडलं, आणि उजेड पार जायच्या आत एल्डनला तिसरं. आपण तीन दिवस काय शोधत होतो हे आता कुठे समजलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. व्हॅनकडे चढून जाताना मारीने बापाचा दंड धरला. आधार तो तिला देत होता की ती त्याला, हे मागून येणाऱ्यांना सांगता आलं नसतं.

"अपा, ते दुसऱ्या उन्हाळ्याचं," ती मध्येच म्हणाली.

"काय?"

"मानलं मी."

तो काही बोलला नाही. चढ मोठा होता, आणि त्याला धाप लागली होती, असं त्याने नंतर ओफेलियाला सांगितलं.

डोंगर उतरून हमरस्त्याला लागल्यावर पेट्रोल भरायला त्याने गाडी थांबवली. मारी फोनवर विभागप्रमुखांशी बोलत होती, पुढच्या वर्षाबद्दल, आणि या वेळी तिचा आवाज मुळीच साधा नव्हता. एउसेबियो कॉफी घ्यायला दुकानात शिरला. गल्ल्यावर चष्मा लावलेल्या एक बाई शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"ह्या डोंगरात एक काळा कोळी आहे," एउसेबियो म्हणाला.

"औषध तिसऱ्या रांगेत," बाई वर न बघता म्हणाल्या. "खालच्या फळीवर. निळा डबा."

"औषध नको. माझ्या मुलीने शोधलाय तो. आजच, चारला दहा कमी असताना. जगात आजपर्यंत त्याची मादी कुणी बघितली नव्हती."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. त्याचं जाकीट पुढून चिखलाने माखलेलं होतं आणि टोपीला पाइनच्या सुया चिकटल्या होत्या. त्याने फोन काढून फोटो त्यांच्यापुढे धरला: पुढे काळी मादी, मागे भिंग लावून आडवी पडलेली मारी. बाई खुर्चीसकट मागे सरकल्या, देवाचं नाव घेतलं, आणि मग, हळूहळू, परत पुढे वाकल्या.

"ही मुलगी तुमची? ही आडवी पडलेली?"

"तीच. दीड-दोन तास रांगत होती एका नराच्या मागे. मला विचाराल तर मी म्हणत होतो, त्या उतारावर काही मिळायचं नाही. चौतीस वर्षं ट्रक चालवलाय मी, मला वाटायचं..."

"रेमंड!" बाईंनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "इकडे ये जरा, हे बघ काय आहे!"

बाहेर मारीने हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबवून दुसऱ्यांदा. एउसेबियोने हात वर करून थांब अशी खूण केली, कॉफीचा कप गल्ल्यावर ठेवला आणि रेमंड हात पुसत बाहेर आल्यावर गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.